झिलूकाका आणि मागच्या बाजूचे डीमन

खाडीकाठच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा शिपाई होता. वय पन्नाशीचं. पंचायतीच्या कचेरीत झाडू मारायचा, पाणी भरायचा आणि सांगितलेलं अगदी तसंच्या तसं करायचा. तिथेच सगळा घोळ व्हायचा.

सरपंच इंदूवहिनी एकदा चिडून म्हणाल्या, "झिलू, नीट वाग, नाहीतर घरी बसशील!" झिलू घाबरला. तेव्हापासून तो घरी बसायचाच नाही. जेवायचासुद्धा उभ्याने.

पुढे कचेरीत संगणक आला. तो चालवायला सुगंधा नावाची मुलगी आली. एका सकाळी ती पुटपुटली, "छे! डीमनने पत्र परत पाठवलं."

झिलूने शाळेत जाऊन मास्तरांना विचारलं, "डीमन म्हणजे काय हो?"

मास्तर वर न बघता म्हणाले, "भूत."

झिलू तडक देवळात गेला. तांब्याभर तीर्थ आणलं आणि संगणकावर ओतलं. संगणक फुस्स झाला. दोन दिवस दाखले बंद.

सुगंधाने कपाळावर हात मारला. "काका, तसलं भूत नव्हे हो! फार पूर्वी ग्रीस देशातले लोक मानायचे, की देव आणि माणूस यांच्या मधोमध काही अदृश्य शक्ती असतात. चांगल्या नाहीत, वाईट नाहीत, आपलं काम करत राहतात. संगणकवाल्यांनी तेच नाव उचललं. संगणकात मागच्या बाजूला गुपचूप राबतो तो डीमन. एक पत्रं पोचवतो, एक छपाई बघतो. आपला वेशीवरचा राखणदार कसा, दिसत नाही पण सांभाळतो? तसा. मागे गुपचूप काम करणाऱ्याला हटकायचं नाही. कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला. आणि त्याने ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या मागच्या फणसावर एक माणूस चढलेला दिसला. गुपचूप फणस उतरवत होता. झिलूने हटकलं नाही. उलट शिडी धरली. शेवटचा फणस जड होता, तो टेम्पोपर्यंत नेऊन दिला.

"अकराच्या अकरा फणस गेले!" सुगंधा ओरडली. "चोर होता तो!"

"मागे होता. गुपचूप होता. तुम्हीच सांगितलंत ना?"

"अहो, खरा डीमन ओळखायची खूण असते. संगणकातला जो प्रोग्राम त्याला जन्माला घालतो तो निघून जातो. डीमन मागे पोरका राहून काम करतो. ज्याचा जन्मदाता हजर, तो डीमन नव्हे."

झिलूला वाईट वाटलं. एवढी सोपी खूण, आणि आपण विचारलीच नाही! त्याने ती पाठ केली.

चार दिवसांनी तालुक्याहून साहेब आले. स्वच्छ गावाच्या बक्षिसासाठी तपासणी होती. कुणाला न सांगता ते थेट कचेरीच्या मागच्या संडासात शिरले.

झिलू दारात उभा राहिला. "साहेब, तुमचे वडील आहेत?"

साहेब गोंधळले. "आहेत की. ठणठणीत आहेत. का?"

"मग तुम्ही चोर," झिलू म्हणाला आणि बाहेरून कडी घातली.

तासाभराने सुगंधाने कडी काढली, तेव्हा साहेब बाहेर आले. इंदूवहिनींनी हात जोडले. बक्षीस तर गेलंच, असं सगळ्यांनी धरलं. पण साहेब घाम पुसत म्हणाले, "तासभर आत होतो. एक माशी दिसली नाही. पहिलं बक्षीस तुमचं!"

इंदूवहिनींनी झिलूला बाजूला घेतलं. "झिलू, आता बक्षीस समारंभात काही केलंस, तर तुझं काम सुटलं म्हणून समज."

झिलूचे डोळे भरून आले. "ताई," तो सुगंधाला म्हणाला, "एकदाच काय ते नीट सांगा. कुणी अडकलं तर करायचं काय?"

सुगंधा तेव्हा समारंभाच्या पत्रिका छापत होती. छपाई अर्ध्यात थांबलेली. ती वैतागून म्हणाली, "अडकलेल्याला कोंडायचं नसतं, काका! हा छपाईचा डीमन बघा. अडकला की त्याला मारायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं."

झिलूने पाठ केलं.

समारंभाला अख्खा गाव आला. साहेब भाषणाला उभे राहिले. स्वच्छतेवर बोलले, आरोग्यावर बोलले, स्वतःच्या बालपणावर बोलले. दीड तास झाला. पोरं पेंगली, म्हातारे चुळबुळले, मागे जेवण निवलं. शेवटी साहेब म्हणाले, "आणि आता जाता जाता एवढंच सांगतो, की... की..."

शब्द आठवेना, हातातल्या कागदातही सापडेना. साहेब अडकले.

झिलू धावत व्यासपीठावर चढला. साहेबांच्या पाठीत त्याने एक सणसणीत धपाटा घातला आणि माईकमध्ये ओरडला, "साहेब, पहिल्यापासून!"

इंदूवहिनींनी डोळे मिटले. साहेबांनी चष्मा सावरला. झिलूकडे बघितलं. समोरच्या गर्दीकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"लोकांचा एवढा आग्रहच असेल, तर," ते म्हणाले, आणि कागदाची पहिली घडी पुन्हा उलगडली. "आदरणीय व्यासपीठ, आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो..."

धपाटा साहेब विसरले. गाव मात्र ते दुसरं भाषण अजून विसरलेला नाही.