हळदुलीला मांडव का चालत नाही

पांगरखेड्यात ओढ्याच्या अलीकडे दगडी खांब उभे आहेत. त्यांच्यावर द्राक्षाची वेल आहे, घडही भरपूर आहेत, पण ते उन्हाळा सरला तरी हिरवे आणि आंबट. ओढ्यापलीकडे तीच वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढते आणि पिकली की तिचे मणी हळदीसारखे पिवळे होतात. म्हणून तिला हळदुली म्हणतात. हळदुलीची वाइन चाखायला आलेल्या पाहुण्यांना गावातले म्हातारे धोंडीबा आधी हे खांब दाखवतात.

फार पूर्वी ही वेल एकट्या ठकूबाईकडे होती, असे सांगतात. नवऱ्यामागे तिला दोनच गोष्टी उरल्या होत्या, ही वेल आणि लेक सगुणा. तिच्या द्राक्षाचं आसव सुभेदाराला फार आवडायचं. गावचा पाटील हैबतराव त्या वेलीवर टपलेला. पण चोरलेली काडी रुजत नाही, ती राजीखुशीनं दिलेलीच हवी, अशी समजूत होती. मग पाटलानं सगुणेला सून म्हणून मागणी घातली. खंडोबापुढं बेलभंडार उचलून तो म्हणाला, "ठकूबाई, तुझ्या घरची वेल माझ्या मांडवी आणीन."

लेकीला वेल म्हणायची रीतच आपली. ठकूबाईचा ऊर भरून आला. आंदण म्हणून तिनं स्वतःच्या हातानं काड्या दिल्या.

पाटलानं दगडी खांबांचा मांडव घातला. वेल त्यावर चढेपर्यंत लग्न आज-उद्या करत लांबवलं, मग तिथी धरली. ठकूबाईनं हळद दळून ठेवली, दाराला तोरण बांधलं. आणि पाटलाच्या लेकाची वरात वाजतगाजत तिच्या दारावरून दुसऱ्याच गावाला गेली. ठकूबाई घोड्याला आडवी झाली, तेव्हा पाटील हसून म्हणाला, "आगं, येल मांडवी आणीन म्हनलो व्हतो. बघ की, आणली!"

वऱ्हाडी खो खो हसले. सगुणेनं दळलेली हळद उचलली, आपल्या वेलीच्या बुडाशी ओतली आणि पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. ठकूबाई रडली नाही. तिच्या पोटात आग पेटली होती आणि ती तिनं विझू दिली नाही.

पावसाळा संपला की वेल निर्दयपणे छाटावी लागते. तिला गोडी छाटणी म्हणतात, कारण गोडी येते ती त्यानंतर. पाटलाला एवढंच ठाऊक होतं की वेल हिरवीगार आहे. त्यानं तिला सुरी लागू दिली नाही. ओढ्यापलीकडून ठकूबाई ते रोज बघायची आणि गप्प राहायची. पुढं पाटलानं मोठ्या तोऱ्यात सुभेदाराला आपल्या आसवाचा पेला दिला. पहिलाच घोट सुभेदारानं पाटलाच्या तोंडावर थुंकला म्हणे. पाटीलकी गेली. हसायला तेच वऱ्हाडी होते.

तेव्हा हैबतराव ओढा ओलांडून आला. पागोटं ठकूबाईच्या पायाशी ठेवून म्हणाला, "माय, तेवढी गोडी दे."

ठकूबाईनं पागोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाटील, तुमी येल मागितली, म्या दिली. गोडी शबदात कुटं व्हती?"

त्यानं नंतर वेल छाटून पाहिली, खत घातलं, नवस केले. पण सगुणेची हळद त्या बुडाला लागलेली नव्हती. मणी पिवळा झाला नाही तो नाहीच. पाटलाचा वाडा बसला, वंश परागंदा झाला, खांब तेवढे राहिले.

पांगरखेड्यात आजही हळदुलीला कुणी मांडव घालत नाही. आजही सोयरीक जुळवताना बायका मुलाच्या बापाला या खांबांपाशी आणतात, हिरवा मणी चावायला लावतात आणि विचारतात, "येल बोलताय का गोडी?" त्यानं मुलीचं नाव घेऊन "गोडी" म्हणायचं. तोवर थुंकायची मुभा नाही.