छतापर्यंत चढलेलं पाणी

साताऱ्यात खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या हेमांगीने हॉलच्या कोपऱ्यात मनीप्लँट, दोन नेचे आणि एक वेताची खुर्ची मांडली होती. बाळाचं रडू थांबेल अशी घरात तेवढी एकच जागा होती, आणि खरं सांगायचं तर आईचंही तिथेच थांबायचं.

एका सकाळी वरच्या मजल्यावरचे घरमालक कारखानीसकाका आले आणि त्यांनी हॉलच्या छतावर आलेल्या ओलीकडे काठी रोखली.

“तुमच्या कुंड्यांनी माझं घर सडवलं. संध्याकाळपर्यंत कुंड्या तरी बाहेर, नाहीतर तुम्ही.”

हेमांगी हादरली. आपणच पाणी जास्त घालतो की काय? तिने भीतभीत कुंड्यांखालच्या फरशीवर हात फिरवला. फरशी ठणठणीत कोरडी होती.

काकांनी घड्याळ पाहिलं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर रोज तेच लावत; बटणाला दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

“चला, मोटरची वेळ झाली.”

“आता मोटर कशाला, काका?” हेमांगी म्हणाली. “माझ्या कुंड्यांतलं पाणी मोटरीशिवाय छतापर्यंत चढतंय. आणखी चार कुंड्या ठेवते, टाकीपर्यंत जाईल.”

काकांची काठी छताकडे रोखलेली तशीच राहिली. हे आपणच बोललो, यावर हेमांगीचाही विश्वास बसेना. कडेवरचं बाळ तेवढं खुदकन हसलं.

जिन्यातून काकूंचा आवाज आला, “अहो, आपली न्हाणी गळतेय म्हणून कधीची कानीकपाळी ओरडतेय मी. आधी प्लंबरला बोलवा.”

कुंड्या जागच्या हलल्या नाहीत. मोटर मात्र त्या दिवशी काकूंनी लावली.