सारजा गाढवीण आणि अर्धी पेंढी

वीटभट्ट्या जनावरंच चालवत होती, तेव्हाची ही गोष्ट. सारजा गाढवीण आणि तिचा नवरा भिकू सारख्याच विटा वाहत. संध्याकाळी मुकादम उंट भिकूला गवताची पेंढी देई, सारजाला आणि बाकीच्या गाढविणींना मात्र अर्धीच.

"असं का हो, मुकादम?"

"त्याला संसार आहे, बाई."

"तो संसार माझ्याबरोबरच आहे ना?"

उंट रवंथ करत राहिला. भिकूही मुकाट्यानं आपली पेंढी चघळत राहिला. सारजा मनातून पेटली.

दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून सगळ्या गाढविणी वाटेवरच बसल्या. त्यांच्या विटा गाढवांच्या पाठीवर चढल्या. दुपारपर्यंत भिकूचे चारही पाय फाकले.

"मुकादम, गाढविणींवर हा घोर अन्याय आहे!" तो कळवळून ओरडला. "त्यांनाही पूर्ण पेंढी द्या!"

उंटानं गाढविणींपुढे पूर्ण पेंढ्या टाकल्या. सारजा सावकाश खाऊन उठली.

"एवढा कळवळा होता, तर काल का बोलला नाहीस?"

"काल तुझ्या विटा तुझ्याच पाठीवर होत्या ना," भिकू म्हणाला.