साहेबांचा चष्मा

अंगणवाडीत तपासणीचे साहेब आले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. भिवराच्या मैनीला काट्यावर ठेवलं, तर तीन महिन्यांत वजन चांगलं किलोभर वाढलेलं! भिवरानं लेकीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

साहेबांनी मात्र कमी वजनाच्या मुलांची यादी पुढं ओढली. "पोरगी सुधारली. आता हिचं रोजचं अंडं बंद," म्हणत त्यांनी मैनीच्या नावावर काट मारली.

त्या अंड्यावरच तर लेकरानं बाळसं धरलं होतं! पण भिवरा रडली नाही, भांडली नाही. हात जोडून म्हणाली, "सायेब, ह्या यादीतलं बारीक अक्षर दिसतं का वो तुमास्नी?"

"न दिसायला काय झालं? या चष्म्यातून मुंगीचा पायसुद्धा दिसतो!"

"मग आता झ्याक दिसाया लागलं की. द्या काढून त्यो चष्मा!"

साहेबांनी खरोखरच चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मैनीचं नाव यादीत नव्यानं लिहिलं. चांगलं टपोऱ्या अक्षरात, बिनचष्म्याच्या माणसालाही वाचता येईल असं.