स्थूलकाच्या घरचा वानवळा

पूर्वी वाराणसीवर सुभोज नावाचा खवय्या राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गाढवाच्या जन्माला आले होते. यात हसण्यासारखं काही नाही. ते हरिण झाले, हत्ती झाले, तेव्हा तुम्ही हात जोडलेत. मग गाढवानंच तुमचं काय घोडं मारलंय?

तर हे गाढव उत्पला नावाच्या एका म्हाताऱ्या माळणीकडे होतं. नदीच्या वळणावर तिचा लहानसा मळा होता. वांगी, दोडकी, मेथी, मूग, बांधाला तीळ, असं सगळं थोडंथोडं त्यात पिकायचं. बोधिसत्त्व पाठीवरून शेणखत आणि नदीचा गाळ मळ्यात आणीत आणि भाजी बाजारात नेत. म्हातारी दिवसभर त्यांच्याशी बोलायची आणि ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

नगराभोवतीची बाकी सगळी शेतं राजाच्या आज्ञेनं एक केली होती आणि ती स्थूलक नावाच्या उद्यानपालाच्या ताब्यात होती. या स्थूलकाला कुठूनशी एक खारी पूड सापडली होती. ती पाण्यात कालवून ओतली की वांगं उशीएवढं होई. मग त्यानं सगळीकडे वांगंच लावलं. गांडुळं बिऱ्हाड हलवून गेली, पाखरं फिरकेनाशी झाली, माती टणक झाली. तेव्हा त्यानं दुप्पट पूड ओतली. लोक मात्र खूश होते. एका वांग्यात अख्खं घर जेवत होतं, आणि तेही स्वस्तात. चव लागत नाही म्हणून बायका मिरी घालीत, मिरीनं भागेना म्हणून हिंग घालीत, आणि शेवटी मसाला बरा झाला होता म्हणून नवरे बायकोचं कौतुक करीत.

पुढे पाटाचं पाणी वळवायला स्थूलकाला नेमका उत्पलेचा मळा हवासा वाटू लागला. म्हातारीची जमीन जबरदस्तीनं घ्यायला राजाला लाज वाटली, म्हणून त्यानं तोडगा काढला. बाजाराच्या दिवशी दोघांनी आपापला माल मांडावा. नगर ज्याचा माल घेईल, मळा त्याचा. सासऱ्यानं दगड वेचून केलेला तो मळा. तो गेला तर उत्पलेला दुसरं काही नव्हतं, मूलबाळ नव्हतं, गाढव तेवढं होतं.

बाजार भरला. तिची वांगी लोकांनी उचलून पाहिली, दाबून पाहिली. एकीनं तर, मावशी, ही आजारी आहेत का, असं विचारलं. दुसरीला एका वांग्यावर किडीचं भोक दिसलं आणि ती विंचू पाहिल्यासारखी मागे सरली. स्थूलकाच्या वांग्याला भोक कुठून असणार! किड्यालासुद्धा जे खाववत नाही ते ही माणसं डोक्यावर मिरवत नेताहेत, असं बोधिसत्त्वांच्या मनात आलं. दुपारपर्यंत स्थूलकाचा ढीग संपला आणि उत्पलेची टोपली भरलेलीच राहिली. गाढवाच्या गळ्यात हात टाकून ती हमसून हमसून रडली. दुसऱ्या सकाळी ताबा द्यायचा होता.

आता, वाराणसीची एक रीत होती. ज्याला नवी जमीन मिळणार त्यानं ताब्याच्या आदल्या संध्याकाळी राजाकडे वानवळा पाठवायचा. वानवळा म्हणजे विकायचा माल नव्हे. आपल्या घरी जे शिजतं, त्यातलंच चांगलं निवडून प्रेमानं दुसऱ्याला चाखायला द्यायचं, तो वानवळा. स्थूलक हारतुरे घेण्यात गुंतला होता. वानवळ्याचं तेवढं बघ, असं त्यानं बायकोला जाता जाता सांगितलं.

त्याची बायको भद्रिका रीतीभातीला पक्की होती. नवऱ्याच्या वांग्यानं पोरांची पोटं दुखतात म्हणून ती कित्येक दिवस मागच्या दारानं उत्पलेकडूनच भाजी घेत आली होती. घरात शिजायचं ते हेच. तिनं उत्पलेची ती न खपलेली टोपली मागवली, न्यायला गाढवही मागवलं, आणि वानवळा राजवाड्यात गेला.

राजानं भरीत खाल्लं आणि डोळे मिटले. पुन्हा वाढा म्हणाला. मग स्थूलकाला बोलावून त्यानं पाठ थोपटली आणि सकाळच्या न्याहारीला हेच हवं म्हणून सांगितलं. स्थूलक फुगून गेला. सकाळी त्यानं शेतातलं सगळ्यांत मोठं वांगं दोन गड्यांच्या खांद्यावर घालून आणलं. राजानं एक घास घेतला. सगळा दरबार बघत होता म्हणून थोडा वेळ तो तोंडातच धरला, आणि मग थुंकला.

भद्रिकेला बोलावणं गेलं. तिनं कालची टोपली कुणाची ते सांगितलं आणि शांतपणे पुढे म्हणाली, "महाराज, वानवळा घरच्यातला द्यायचा असतो. ही वांगी आमच्या घरी कुणी खात नाही. ही विकायची असतात."

राजा भडकला. तोंडाला काजळ फासून स्थूलकाची गाढवावरून धिंड काढा, अशी त्यानं आज्ञा केली. काल वानवळा घेऊन आलेलं गाढव अजून दारातच उभं होतं. धिंड बघायला नगर लोटलं, आणि फेकून मारायला प्रत्येकानं घरातलं वांगं आणलं होतं. स्थूलकाला उलटं बसवायला उचललं, तोच बोधिसत्त्व खाली बसले. काठ्या पडल्या तरी उठेनात. मग मात्र ते बोलले.

"महाराज, माझी पाठ आखूड आहे. यानं फसवलं खरं, पण चव न विचारता आकार बघून टोपल्या या सगळ्यांनी भरल्या. याला बसवायचं तर त्यांनाही बसवावं लागेल. आणि शेतं एक करायची आज्ञा आपली, तेव्हा पुढे, मानेजवळ बसायचा मान आपला."

लोकांनी हळूच हातातली वांगी उपरण्याखाली घेतली. राजा आधी लाल झाला, मग खाली बघू लागला, आणि शेवटी त्याला हसू फुटलं. त्यानं गाढवाला रुपेरी घंटा, पक्का तबेला आणि रोज गूळ देऊ केला. बोधिसत्त्वांनी त्यातलं काही घेतलं नाही. स्थूलकाला सोडावं, आणि ज्याचा वानवळा देववत नाही ते कुणी विकू नये, एवढंच त्यांनी मागितलं. उत्पलेचा मळा तिचाच राहिला. स्थूलक तिच्याकडे शेणखत वाहायला राहिला आणि पुढे आपली शेतंही त्यानं हळूहळू सुधारली.

ही कथा जेतवनात सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तेव्हाचं कोण आता कोण आहे ते उलगडलं. भिक्षेतलं सगळ्यांत मोठं फळ उचलल्यामुळे ज्याच्यावरून ही कथा निघाली, तो भिक्षू पुण्णक तेव्हा स्थूलक होता. त्याला दारातच बोल लावणारी उपासिका चित्रा ही भद्रिका, वृद्ध भिक्षुणी खेमंकरा ही उत्पला, आणि ताटाकडे लक्ष असलेला श्रेष्ठी गोधन हा राजा. गाढव मी होतो, ते म्हणाले.

बाजारातले ते लोक आता कोण आहेत, असं एका भिक्षूनं विचारलं.

"ते अजून बाजारातच आहेत," शास्ते म्हणाले. "त्यांच्यावर रागवायचं नसतं. म्हणून ही क्षमेची कथा."