दोन तसबिरी आणि सरकारांची पाठ

वेळंगीचं संस्थान कधीच गेलं, पण सर्जेराव सरकारांचा ताठा तेवढा शाबूत राहिला. राजवाडा लग्नकार्यांना भाड्याने द्यायचे, तेही उपकार केल्यासारखा चेहरा करून.

द्वारकाआत्याच्या भाचीचं लग्न तिथल्या दरबार हॉलात होतं. मुहूर्त तोंडावर आला, पाहुणे स्टेजकडे तोंड करून बसले आणि मिशीला पीळ देत सरकार दारातून आत आले.

"दारावर आमच्या थोरल्या महाराजांची तसबीर आहे, दिसत नाही? अख्खं वऱ्हाड त्यांना पाठ दाखवून बसलंय. खुर्च्या फिरवा, नाहीतर लग्न घोड्यांच्या पागेत लावा."

नवरीच्या बापाने हात जोडले. आत्या मात्र पदर खोचून पुढे झाली.

"खरंय सरकार, वडीलधाऱ्यांना पाठ दाखवू नये. बरं, ह्या स्टेजमागच्या तसबिरीत कोण?"

"थोरल्या आईसाहेब. महाराजांच्या पत्नी."

"मग खुर्च्या फिरवल्या की पाठ आईसाहेबांना. महाराजांची समजूत कोण काढणार? आणि सरकार, तुम्ही मघापासून कुणाकडे पाठ करून उभे आहात?"

सरकार दचकून महाराजांकडे वळले, तर पाठ आईसाहेबांकडे. पुन्हा वळले, तर महाराजांकडे. अशा गिरक्या घेऊन घेऊन घेरी आली, तेव्हा बाजूच्या भिंतीला पाठ चिकटवली आणि खेकड्यासारखे आडवे सरकत दाराबाहेर पडले.

भटजींनी लगेच मंगलाष्टकं सुरू केली. वऱ्हाडाने माना वळवून सरकारांना पोटभर पाहून घेतलं, पण खुर्ची एकानेही हलवली नाही.