पोचलीची बाग

या जिन्याने वर गेलं की बाग लागते. खाली दगडी कमानी, कमानींत माणसांची घरं, आणि घरांच्या डोक्यावर बाग. रुंदीला बैलगाडी कशीबशी वळेल एवढी, लांबीला मात्र गिरणीच्या पडक्या धुराड्यापासून थेट मालधक्क्यापर्यंत. नगरपालिकेच्या पाटीवर तिचं नाव वेगळं आहे. ते कोणी घेत नाही. आम्ही तिला पोचलीची बाग म्हणतो. वर जाण्याआधी ते नाव कसं पडलं ते ऐकून घ्या. दिवेलागण व्हायला अजून अवकाश आहे.

पूर्वी इथून रेल्वे जायची. नाल्याला पूर आला की सगळा बाजार पाण्यात असायचा, म्हणून गिरणीवाल्याने या कमानी बांधल्या आणि वरून लाईन टाकली. गिरणीतून कापसाच्या गाठी भरून गाडी निघायची, मालधक्क्यावर जाऊन थांबायची. लाईन एकच. एक गाडी पोचल्याशिवाय दुसरी सोडायची नाही, असा नेम होता. पोचली हे कळायचं कसं, तर शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा असायचा. तो दिसला म्हणजे सगळे डबे आले, मधे तुटून काही मागे राहिलं नाही. मालधक्क्यावर रुळांचे सांधे बदलणारा काटेवाला तो दिवा डोळ्यांनी बघायचा आणि मग ओरडायचा, "पोचली!" ते ऐकून पहिल्या कमानीतली बाई ओरडायची, मग दुसरीतली. अशी ती हाक कमानी-कमानींतून गिरणीपर्यंत जायची. बायका भाकरी थापता थापता ओरडायच्या. आमच्या आयांना अंगाई आधी आली की ती हाक, हे सांगता यायचं नाही.

पुढे गिरणी बंद पडली. शेवटची गाडी निघाली तेव्हा सगळं गाव मालधक्क्यावर जमलं, असं सांगतात. इंजिनाला झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, गूळ वाटला. काटेवाला सदोबा स्वतः हार घेऊन इंजिनापुढे उभा होता. कमानींतल्या बायकासुद्धा घरं उघडी टाकून तिकडेच गेल्या होत्या. पुढची गाडी सुटायची नव्हती, तेव्हा पोचली म्हणायचं कोणाला आणि कशाला? कोणीच म्हणालं नाही. शेवटच्या डब्यावर दिव्याशेजारी लहानू उभा होता. गाडीच्या शेपटाला उभं राहणं हेच त्याचं काम. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. तो एकटाच उतरला आणि कमानीतल्या घरी आला.

घरी आला म्हणजे शरीराने आला.

त्याची बायको गुंफाबाई. तिने ताट वाढलं. लहानू खाटेवर बसला, पण पाय जमिनीला टेकवीना. खाटेची लाकडं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला आणि अंग डावी-उजवीकडे हलवत राहिला.

"जेवा ना जी," गुंफाबाई म्हणाली.

"गाडी थांबू दे. मंग जेवतो."

"कोणती गाडी? घरीच आहो आपण."

लहानूने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठी आलो आपण, गुंफे?"

तिला वाटलं, काम सुटल्याचं मनाला लागलं असेल. पण गिरणीवाल्याने रूळ उखडून नेले आणि त्यानंतरच्या संध्याकाळी फळीवरची भांडी वाजायला लागली. आधी गिरणीकडच्या घरांत, मग मधल्या, मग मालधक्क्याकडच्या. डोक्यावर रूळ नव्हते, स्लीपर नव्हते, आणि चाकं चालल्याचा आवाज येत होता. दगडांच्या सांध्यांतून चुना गळून पिठात पडत होता. लोक लेकरांना उचलून नाल्यापर्यंत पळाले. आवाज मालधक्क्याच्या अलीकडे आला आणि विरून गेला. थांबल्यासारखा नाही. लांब गेल्यासारखा.

मग तो रोजच येऊ लागला. दिवेलागणीला.

लहानूचं त्याहून भयंकर होतं. आवाज सुरू झाला की बंद दारात त्याचे केस वाऱ्याने उडायचे. रॉकेलची चिमणी जागेवर असायची, पण त्याच्या तोंडावरून उजेड-अंधार, उजेड-अंधार असं काही सरकत जायचं. आवाज गेला की गुंफाबाई ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसायची. फडक्याला काजळी यायची. रोज ताजी. तो वाळत चालला होता. दोन घास भरवले तर तोंडातच राहायचे.

तेव्हा कमानींतल्या बायकांनी ठरवलं, आवाज मातीखाली पुरायचा. गावचं तळं आटलं होतं. त्याचा गाळ टोपल्यांनी डोक्यावरून वर नेला, सगळ्या लाईनीवर पसरला. माती नुसती उघडी राहिली तर वाहून जाईल म्हणून झाडं लावली. तगर, मोगरा, झेंडू, कडुनिंब. बागेची हौस कोणाला नव्हती, बाप्पा. भीतीने लावलेली बाग आहे ही.

झाडं जोमाने आली. पण दिवेलागणीला सगळा झेंडू एकदम एका अंगाला वाकायचा, गिरणीकडून मालधक्क्याकडे. जवळून गाडी गेल्यावर गवत वाकतं तसा. आणि खाली भांडी वाजायचीच.

एक दिवस सदोबा काटेवाला लहानूला भेटायला आला. चेष्टेखोर माणूस. दारातूनच म्हणाला, "काय राजेहो, काम सुटलं तरी डब्यावरून उतरत नाही का तुमी?"

लहानू हलत होता. त्याने विचारलं, "सदोबा, मागचा दिवा दिसला का रे तुले?"

सदोबाचं हसू मावळलं म्हणे. तो खाटेजवळ बसला. गुंफाबाईला म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी म्या दिवा पाहिलाच नाही. हार घालत होतो. पोचली म्हटलंच नाही कोणी. गाडी अजून चालूच आहे."

"मंग म्हण ना आता!"

त्याच संध्याकाळी सदोबा वर गेला आणि बागेच्या मालधक्क्याकडच्या टोकाला उभा राहिला. आवाज आला. जवळ आला. पायाखालची माती थरथरू लागली, छातीवर वाफ आली, आणि सदोबाने डोळे मिटले. तो म्हातारा होता, भ्याला. इंजिन अंगावर आलं असं वाटताच त्याच्या तोंडून निघून गेलं, "पोचली!"

घाई झाली.

आवाजाचा पुढचा अर्धा भाग तिथेच थांबला. मागचा अर्धा मागे राहिला आणि लांब लांब जात गेला. खाली कमानीत गुंफाबाई लहानूचा हात धरून बसली होती. तो हात एकदम गार पडला. तिने हाक मारली. लहानूने ओ दिली, पण ती ओ समोरच्या तोंडातून आली नाही. नाल्यापलीकडून कोणी ओरडावं तशी आली.

सदोबा खाली येऊन रडू लागला. "म्या गाडी मधातूनच तोडली, वहिनी. त्याले मागंच सोडलं. आता आणखी एकदा चुकलं तर तो काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी गुंफाबाई स्वतः गेली. जाताना कमानी-कमानींत थांबून बायकांना सांगत गेली, "माझा आवाज येईल तवाच बोला वं. त्याच्या आधी तोंड उघडू नका."

टोकाला ती पदर दातांत धरून उभी राहिली. चुकून शब्द निघू नये म्हणून. सदोबा जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याच्याच्याने वर पाय टाकवेना.

दिवस बुडाला. झेंडू वाकला. इंजिन तिच्या अंगातून गेलं म्हणे. दिसलं काही नाही. झाडांमधला अंधार तेवढा सरकत होता, आणि गारठा असा की दात वाजून पदर फाटला. मग डबे. एकामागून एक, तिच्या हाडांतून. तिने डोळे मिटले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हातही हलवला नाही.

मग सगळं शांत झालं. झेंडू सरळ उभा राहिला.

"गेली वं!" सदोबा पायरीवरून ओरडला. "म्हण! लवकर म्हण!"

तिने मान हलवली. दिवा दिसला नव्हता.

कोणालाही वाटलं असतं, संपलं. खाली बायका चुलीपुढे श्वास धरून बसल्या होत्या. एकीचं लेकरू रडायला लागलं तर तिने त्याला छातीशी दाबून धरलं. अंधार दाट होत गेला. गुंफाबाईच्या मनात आलं, आपण थांबलो आणि तेवढ्यात तो निघून गेला असेल तर? हा विचार त्या आवाजापेक्षा वाईट होता. तरी ती थांबली.

मग गिरणीच्या बाजूला, खूप लांब, लाल ठिपका दिसला.

त्याला आवाज नव्हता. तो सावकाश येत होता, डावी-उजवीकडे हलत. जवळ आला तेव्हा दिव्याशेजारी उभा माणूस दिसला. केस उडालेले, कपाळावर काजळी. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. तो मागे बघत होता, जिथून आला तिकडे. तिच्या अगदी हाताच्या अंतरावरून गेला. तिला त्याला ओढून घ्यावंसं वाटलं. तिने हात मुठीत आवळून धरले. दिवा तिला ओलांडून पुढे गेला, आणि तेव्हा तिने पदर सोडला.

"पोचली!"

पहिल्या कमानीतून उत्तर आलं, "पोचली!" मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. बायका रडत ओरडत होत्या. हाक लहानूच्या कमानीत शिरली तेव्हा शेजारीण त्याच्याजवळ बसली होती. तिने पाहिलं, त्याने खाटेची लाकडं सोडली, एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. जमीन दाबून पाहिली. मग म्हणाला, "गुंफा कुठी गेली? भूक लागली मले."

असं सांगतात.

आजही या बागेतून चालत जाणारा माणूस त्या टोकाला गेला की मोठ्याने म्हणतो, पोचलो. खालच्या बायका हातातलं काम टाकून ओ देतात. एकटा असेल तर त्याने म्हणायचं. बरोबर माणसं असतील तर सगळ्यात मागच्याने म्हणायचं, पुढच्यांनी नाही. भांडी आता वाजत नाहीत. पण घाई करून बघायची हिंमत आमच्यात कोणाची नाही.

चला, जिना चढा. तुमचे पाय तरणे आहेत, तुम्ही पुढे व्हाल. मी हळू चालतो, मधे थांबतो, मला वेळ लागेल. टोकाला गेलात की तोंड मिटून उभे राहा. अंधार पडला, काही ऐकू आलं, भीती वाटली, तरी बोलू नका. मागे वळून बघत राहा. मी येतोय.